झुको कुणाचा? एका कार्टून मालिकेतलं आजोळचं गुपित

मराठी घरात नवं माणूस आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कुणाचा रे तू?" नाव-शिक्षण नंतर. बडोद्यात दांडिया बाजारात राहणाऱ्या आमच्या आत्या हा प्रश्न टीव्हीवरच्या माणसांनाही विचारतात. नातवंडं 'अवतार: द लास्ट एअरबेंडर' लावून बसली की त्या थोडा वेळ उभ्याउभ्या बघतात आणि म्हणतात, "हा डोळ्यापाशी भाजलेला मुलगा कुणाचा?" "फायर लॉर्डचा गं आजी. राजाचा," असं उत्तर आलं की त्यांचं समाधान होतं.

उत्तर खरं आहे, पण अर्धं. उरलेलं अर्धं मालिका ४६ व्या भागापर्यंत दाबून ठेवते. सगळे भाग मिळून ६१. एवढा वेळ ते गुपित टिकतं कसं, हे नीट पाहिलं तर गुपितांवर गोष्ट कशी चालते हेच उलगडतं. मुलांच्या शेजारी बसून निम्मंशिम्मं बघणाऱ्या आई-बाबा, आजी-आजोबांसाठी हे लिहितो आहे. रहस्यं सगळी फोडणार आहे, तेव्हा ज्यांना मालिका आधी बघायची असेल त्यांनी इथेच थांबावं.

आधी जुजबी माहिती. मायकल दान्ते डिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएत्झ्को या दोघांनी निर्माण केलेली ही मालिका निकलोडियनवर फेब्रुवारी २००५ ते जुलै २००८ या काळात आली. या जगात चार राष्ट्रं आहेत: पाण्याचं, मातीचं, आगीचं आणि हवेचं. काही माणसांना आपापलं तत्त्व हातवाऱ्यांनी वळवता येतं. चारही तत्त्वं वळवू शकणारा एकटा अवतार. तो मेला की पुढच्या राष्ट्रात जन्म घेतो. आग, मग हवा, मग पाणी, मग माती, असं ते चक्र. आगीच्या राष्ट्राने शंभर वर्षांपूर्वी युद्ध सुरू केलं आणि हवेच्या लोकांचा समूळ संहार केला. त्यातून वाचलेला एकटा मुलगा म्हणजे आंग, वय वर्षं १२, नवा अवतार. शंभर वर्षं तो बर्फात गोठलेला होता. त्याला पकडायला निघालेला राजपुत्र म्हणजे आत्यांचा तो डोळ्यापाशी भाजलेला झुको.

झुकोची वंशावळ पाठ करायला सोपी आहे. पणजोबा सोझिन, ज्याने युद्ध सुरू केलं. आजोबा अझुलॉन, ज्याने ते चालू ठेवलं. वडील ओझाई, ज्याला ते संपवून सगळं जग ताब्यात घ्यायचंय. काका आयरो, थोरला असून गादी हुकलेला. धाकटी बहीण अझुला, भावापेक्षा हरबाबतीत तरबेज. सगळी नावं एका सरळ रेषेत, आणि प्रत्येक पिढी मागच्या पिढीचंच काम पुढे नेते. झुकोचं दुःख एवढंच, की आपण या रेषेत बसत नाही असं त्याला वाटतं. वाट्टेल ते करून त्याला त्यात बसायचंय.

४६ व्या भागात त्याला एक निनावी चिठ्ठी मिळते: तुझ्या पणजोबांचा मृत्यू कसा झाला हे जाणून घे, त्यात तुझं नशीब कळेल. झुको भुयारात जाऊन सोझिनने स्वतःच्या हाताने लिहिलेला वृत्तांत वाचतो. सोझिन आणि रोकू लहानपणचे जिवलग मित्र होते. रोकू अवतार निघाला. सोझिनला राज्य वाढवायची हाव सुटली, रोकूने त्याला रोखलं. पुढे ज्वालामुखीच्या उद्रेकात रोकू सापडला, तेव्हा सोझिन मदतीला धावला आणि ऐन क्षणी त्याला मरायला सोडून निघून गेला. मग युद्ध. मग सोझिनचं म्हातारपण. झुको गोंधळतो, कारण वृत्तांत संपतो तेव्हा लिहिणारा जिवंतच आहे. मग पणजोबांच्या मृत्यूची गोष्ट कुठाय?

ती चिठ्ठी धाडणारा काका आयरो तुरुंगात असतो. झुको त्याला हे विचारतो. आयरोचं उत्तर असं, की तुला एकच पणजोबा नाहीत. वडिलांच्या बाजूने सोझिन, आईच्या बाजूने रोकू. झुकोची आई उर्सा ही रोकूची नात.

ही युक्ती मला या मालिकेतली सगळ्यात हुशार युक्ती वाटते. चिठ्ठीत खोटं एक अक्षर नव्हतं. पणजोबा म्हटल्यावर झुकोने वडिलांकडचाच पणजोबा धरला, आणि पडद्याकडे बघणाऱ्या आपण सगळ्यांनीही तेच केलं. हिशेब केला तर माणसाला पणजोबा चार असतात, दोन वडिलांकडचे, दोन आईकडचे. आठवतो मात्र एक, ज्याचं आडनाव आपण लावतो तो. मालिकेने हे गुपित कुठल्या तिजोरीत ठेवलं नव्हतं. जिथे कुणी बघतच नाही तिथे ते उघड्यावर ठेवलं होतं.

आपल्याकडे अनेक घराण्यांनी कुलवृत्तांत छापून घेतलेले आहेत. घरात असेल तर उघडून बघा. मुलग्यांच्या शाखा पानापानावर फुटत जातात. मुलगी लग्न होऊन ज्या घरी गेली त्या घराचं नाव लिहिलं की तिची ओळ संपते. सून येते ती अमक्याची कन्या एवढी ओळख घेऊन. म्हणजे आईचे वडील सापडतील, आईचे आजोबा शोधायला दुसऱ्या घराण्याचं पुस्तक मागावं लागेल. झुकोला नेमकं त्या दुसऱ्या पुस्तकातलं पान हवं होतं.

आणि ते पान मिळाल्यावर होतं काय? ज्या अवताराला पकडायला तो जग पालथं घालत होता, तो त्याच्या पणजोबांचा पुढचा जन्म निघतो. आयरो त्याला एक शिरोभूषण देतो. ते राजपुत्राचं असतं, सोझिनने तरुणपणी मित्र म्हणून रोकूला दिलेलं. एकाच वस्तूला दोन्ही घराण्यांचा हात लागलेला. याच भागात दुसरीकडे आंगला रोकूचा आत्मा हीच हकीकत स्वतःच्या तोंडून सांगत असतो. एक बाजू मारणाऱ्याने लिहिलेली, एक बाजू मेलेल्याने सांगितलेली, आणि प्रेक्षक तेवढा एकटा दोन्ही ऐकतो. कुणाला काय कधी कळतं याचं इतकं काटेकोर गणित मोठ्यांच्या मालिकांतही क्वचित दिसतं.

बडोद्याचा माणूस हे बघताना दुसऱ्याच एका मुलाचा विचार केल्याशिवाय राहत नाही. १८७५ मध्ये बडोद्याचे राजे मल्हारराव गायकवाड यांना इंग्रजांनी पदच्युत केलं. रेसिडेंट म्हणजे दरबारातले इंग्रजांचे प्रतिनिधी कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग करवल्याचा आरोप होता. गादीला वारस हवा होता. आधीचे राजे खंडेराव यांच्या विधवा पत्नी जमनाबाई यांनी दत्तक घ्यायचं ठरवलं, आणि वारस शोधला गेला तो अर्थातच पुरुषांच्या रेषेत, घराण्याचे मूळपुरुष पिलाजीराव यांच्या वंशातल्या एका दूरच्या, शेतकरी झालेल्या शाखेत. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून मुलं आणली. तू इथे कशाला आलास, असं विचारल्यावर काशीरावांचा गोपाळ म्हणाला, राजा व्हायला. ही आख्यायिका आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ऐकवतात. २७ मे १८७५ ला गोपाळचा सयाजीराव झाला. तेव्हा तो १२ वर्षांचा होता, आंगच्याच वयाचा.

त्याचं नाव बदललं, आई बदलली, गाव बदललं, भाषेचा थाटसुद्धा बदलला असेल. पण हे सगळं भर दरबारात झालं. जन्मदाते काशीराव आणि उमाबाई यांची नावं कुणी पुसली नाहीत, भाऊ संपतराव पुढे बडोद्यातच राहिले आणि त्यांचा ग्रंथसंग्रह इथल्या मध्यवर्ती ग्रंथालयात आला. दत्तकविधानाला साक्षीदार लागतात, वाजंत्री लागते, आणि मुख्य म्हणजे सगळ्या गावाला माहीत असावं लागतं. ओळख बदलणं आणि ओळख लपवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बडोद्याच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. आगीच्या राजवाड्यात मात्र नाव कुणाचंच बदलत नाही आणि लपवाछपवी पिढ्यान्‌पिढ्या चालते.

त्या लपवाछपवीच्या मधोमध उर्सा आहे. झुको लहान असताना ती एका रात्री नाहीशी होते. त्याच रात्री आजोबा अझुलॉन मरतो आणि सकाळी ओझाई गादीवर बसतो. २७ व्या भागात, 'झुको अलोन'मध्ये, हे आपल्याला तुकड्यातुकड्यांनी दिसतं, तेही झुकोच्या बालपणीच्या आठवणीत, म्हणजे त्याला जेवढं दिसलं तेवढंच. अझुला पडद्याआड लपून ऐकते आणि भावाला हसत हसत सांगते, की आजोबांनी बाबांना तुला मारायला सांगितलंय. झुको स्वतःला समजावतो, अझुला नेहमी खोटं बोलते. ती त्या वेळी खरं बोलत होती. पोरीची ख्यातीच अशी, की तिच्या तोंडून निघालेलं सत्यही लपूनच राहतं.

नेमकं काय घडलं हे शेवटी ओझाई स्वतः सांगतो. सूर्यग्रहणाचा दिवस असतो, ग्रहणाच्या काही मिनिटांत आगीच्या लोकांची शक्ती गेलेली असते. झुको बापाला तोंडावर सांगतो, की मी तुला सोडून अवताराला मिळणार. निघणार तोच ओझाई म्हणतो, थांब, तुला आईचं काय झालं ते ऐकायचं नाही का? आणि तो खरं सांगतो. मुलाचा जीव वाचवण्यासाठी उर्साने राजद्रोह केला, म्हणून तिला देशोधडीला लावलं. हे खरं तो का सांगतो? ग्रहण सुटेपर्यंत मुलाला रोखून धरायला. शक्ती परत येताच तो पोटच्या पोरावर वीज सोडतो. गुपितांच्या गोष्टीत सत्य बाहेर येणं म्हणजे सुटका, असं आपण धरून चालतो. इथे सत्य हे आमिष आहे.

मालिकेच्या शेवटी झुको राजा होतो आणि तुरुंगातल्या बापाला एकच प्रश्न विचारतो: माझी आई कुठे आहे? उत्तर न देता प्रसंग संपतो. प्रेक्षकांना ते २०१३ पर्यंत मिळालं नाही. त्या वर्षी 'द सर्च' नावाचं तीन भागांचं कॉमिक आलं, जीन लुएन यांग यांनी लिहिलेलं. त्यात उर्साने चेहरा बदलून देणाऱ्या एका देवतेकडून नवा चेहरा घेतलेला असतो, सगळी स्मृती पुसून टाकलेली असते, नवं नाव आणि नवा संसारही असतो. मला हा भाग जरा जादा वाटतो. ज्या बाईने मुलासाठी एवढं केलं तिने मुलगाच विसरून जाणं हे दुःख कमी करायला शोधलेली सोय वाटते.

पण त्याच कॉमिकमध्ये एक पत्र आहे, आणि ते लाजवाब आहे. राजवाड्यात असताना उर्सा गावाकडच्या जुन्या प्रियकराला लिहिते, की झुको तुझा मुलगा आहे. हे साफ खोटं असतं. तिला फक्त बघायचं असतं, की नवरा आपली पत्रं मधल्यामध्ये फोडून वाचतो का. ओझाई वाचत असतो, आणि जाळ्यात सापडतो. खोटं असल्याचं कळूनही तो तिला बजावतो, की आता मी या मुलाला हे खरं असल्यासारखंच वागवीन. म्हणजे झुकोच्या वाट्याला जे आलं त्यात एका खोट्या गुपिताचाही हात. उर्साने ते रचलं तेव्हा ती एकटी होती, भोवती कान होते, आणि दुसरं हत्यार तिच्यापाशी नव्हतं. तरी किंमत मुलाने मोजली.

आता मुखवट्यांकडे येऊ, कारण मुलांना तोच भाग जास्त आवडतो. गुपितं मोठी माणसं मुलांपासून ठेवतात. मुखवटे मुलं स्वतः चढवतात. १३ व्या भागात निळा मुखवटा घातलेला कुणी दोन तलवारी घेऊन आंगला कैदेतून सोडवतो, आणि मुखवटा निघतो तेव्हा आत झुको. आपलाच शत्रू. दुसऱ्या कुणी आंगला पकडून श्रेय घेऊ नये म्हणून त्याने त्याला सोडवलेलं असतं, असं म्हणता येतं, आणि झुकोही स्वतःला तेच सांगत असणार. आंग मात्र त्याला शंभर वर्षांपूर्वीच्या एका मित्राची गोष्ट सांगतो. तो मित्र आगीच्या राष्ट्रातला, कुझॉन नावाचा. आपणही मित्र होऊ शकलो असतो का, असं तो विचारतो. झुकोचं उत्तर म्हणजे आगीचा लोळ. पुढे आंग स्वतः वेष पालटून आगीच्या देशातल्या शाळेत बसतो तेव्हा तो नाव घेतो कुझॉन. त्याच शाळेत हवेच्या लोकांचं सैन्य लढाईत हरलं, असं शिकवतात. आंग बोट वर करतो, की त्यांच्याकडे सैन्यच नव्हतं. खोटं नाव घेतलेला मुलगा त्या वर्गात एकटा खरं बोलतो.

निळ्या मुखवट्याबद्दल एक पुढची गोष्ट कॉमिकमध्ये उलगडते. तो 'लव्ह अमंग्स्ट द ड्रॅगन्स' या नाटकातल्या एका पात्राचा आहे, आणि हे नाटक उर्साच्या आवडीचं. स्वतःच्या नकळत मुलगा आजोळच्याच वस्तूत तोंड लपवत होता. ४६ व्या भागातली वंशावळ आणि हा मुखवटा एकाच दिशेला बोट दाखवतात.

टॉफचं प्रकरण या सगळ्याच्या उलटं. ही आंधळी मुलगी गडगंज बेफाँग घराण्याची. आई-वडिलांनी तिला इतकं झाकून ठेवलेलं, की गावाला त्यांना मुलगी आहे हेच ठाऊक नाही. मुलीने उलट आई-वडिलांपासून लपवलेलं, की ती रात्री आखाड्यात उतरून भल्याभल्या पैलवानांना लोळवते. दोन्ही बाजूंनी पडदा. मग एके दिवशी वडील तिला डोळ्यांदेखत लढताना बघतात. नेहमीच्या गोष्टीत इथे बापाचे डोळे उघडले असते. हा बाप पहारा वाढवतो. टॉफ पळून जाते. गुपित फुटलं म्हणजे माणसं बदलतात असं मुळीच नाही, हे मुलांना इतक्या रोखठोकपणे सांगणारा दुसरा कार्टून भाग मला आठवत नाही.

आणि आयरो. शेवटचा ड्रॅगन आपण मारला, अशी त्याची कीर्ती. खरं तर दोन ड्रॅगन जिवंत आहेत हे त्याला ठाऊक होतं, आणि पुन्हा कुणी शिकारीला जाऊ नये म्हणून त्याने ही खोटी बढाई वर्षानुवर्षं मिरवली. ड्रॅगनची शिकार सोझिनने सुरू केलेली. म्हणजे याही गुपिताचं मूळ त्याच घरात, फक्त हे राखलं गेलं ते कुणाला तरी वाचवायला.

माझी या मालिकेबद्दल एक तक्रार आहे. रोकू झुकोचा पणजोबा, तर तो अझुलाचाही पणजोबा. तीच आई, तेच आजोळ. पण आयरो ही गोष्ट फक्त झुकोला सांगतो. मालिकेत अझुलाला हे कुणीही सांगत नाही. तिला सोझिनची रेष तेवढी मिळते, आणि ती रेष ती इतकी चोख गिरवते, की शेवटी एकटी पडते, भ्रमिष्ट होते, आरशात तिला आई दिसू लागते. लेखकांनी हे मुद्दाम केलं असेल किंवा त्यांच्या लक्षातच आलं नसेल. मला दुसरं जास्त संभवनीय वाटतं. घराण्याचा दुसरा अर्धा भाग मुलीला सांगायचा राहून जाणं हे कुलवृत्तांतांतही काही नवं नाही. आयरोने पुतणीसाठीही एक चिठ्ठी लिहिली असती तर तिने ती जाळून टाकली असती, हे मान्य. पण लिहायला काय हरकत होती?

सगळे ६१ भाग बघायला वेळ नसेल तर चार बघा: १२ वा 'द स्टॉर्म', २७ वा 'झुको अलोन', ४६ वा 'द अवतार अँड द फायर लॉर्ड' आणि ग्रहणाचे दोन मिळून एक. 'द स्टॉर्म' वगळू नका. झुकोचा चेहरा कुणी आणि का जाळला हे त्यात कळतं, आणि आंगला तो अवतार असल्याचं १६ ऐवजी १२ व्या वर्षीच सांगितल्यावर मित्रांनी त्याला खेळायलाही घेतलं नाही, तेही त्याच भागात. 'द सर्च' मात्र तिन्ही खंड हाताशी असतील तेव्हाच मुलांच्या हाती द्या. उर्साचं ते पत्र पहिल्याच खंडात सापडतं आणि ते खोटं होतं हे शेवटच्या खंडात कळतं. मधल्या काळात घरात झुकोच्या खऱ्या बापावरून जे वाद होतील ते तुम्हाला जेवणाच्या ताटावर ऐकावे लागतील.